मोठी मायचे हात

कंदील जरा इकडे सरकव, सांगतो.

जर्मनच्या लढाईचं पहिलं साल. धान कापणं सुरू होतं, म्हणून घरात रिकामा मीच होतो. दुपारी दादाले पेज नेऊन द्यायची, एवढंच माहं काम. सुकरामदादाले, माह्या मोठ्या भावाले, क्षय झाला होता. त्याची झोपडी गावाबाहेर, केशोरीच्या वाटेवर, तलावाच्या पाळीखाली बांधून देली होती.

खोकल्यातलं रक्त कमी झालं, तवा त्याचा डावा पाय सुजला. गोंदियाचा डॉक्टर छकड्यातून आला. त्यानं सांगितलं का पडून पडून पायात रक्ताची गुठळी झाली आहे. पाय दाबू नका, तेल लावू नका. गुठळी सुटली तं वर फुफ्फुसात जाऊन अटकते, अना मानूस बसल्या जागी जाते. सूज उतरेपर्यंत त्या पायाले कोणी हात लावायचा नाही.

कोणी लावला नाही. तरी रोज दुपारी पाय तेलानं चकचकीत. झोपडीभर मोहाच्या तेलाचा वास.

बाबानं माह्यावरच संशय घेतला. थट्टा करणारा घरात मीच, त्यांचं काही चुकलं नाही. म्हणून मी एक दुपार पहारा देला. वारा पडला होता. दादा डोळे मिटून निजला होता. मंग त्याच्या घोट्याजवळ कातडीत खड्डे पडले. चार बोटांचे, एक अंगठ्याचा. ते हळूहळू पोटरीकडे सरकून राहिले होते.

"मोठी माय आहे," दादा म्हणाला. "रोज येते."

मोठी माय म्हणजे धुरपताबाई, बाबाच्या मोठ्या भावाची बायको. घरातल्या सगळ्या लेकरायचे पाय तिनंच चोळले. ती याच खोकल्यानं वारली होती, त्याले तवा दोन वर्षं झाली होती.

घरी सांगितलं. बाबा झोपडीत आले, टोपी काढली, अना रिकाम्या जागेले म्हणाले का वहिनी, डॉक्टरनं मना केलं आहे. वहिनीसमोर त्यांचा आवाज कधी चढला नव्हता, तवाही चढला नाही. खड्डे सरकतच राहिले. जितेपणी तरी तिनं कोणाचं आयकलं होतं?

मले एक युक्ती सुचली. दादाचा पाय घोंगडीत गुंडाळला, त्याच्या बाजूले निजलो, अना माहे दोन्ही पाय उघडे पुढे केले. ती फसली. हात थंडे होते, पन दाबायची चांगली. एखाद्या दुपारी तं मी घोरलोही. दादाची सूज उतरू लागली. तो पेज मागून प्यायला. कापणी झाली का मासे धरायले जाऊ, म्हणाला.

मंग एका दुपारी तो हळूच बोलला.

"देवचंद... मोठी माय तुह्या पायावर आहे ना?"

"आहे. दोन्ही हात आहेत."

"मंग माह्या पायावर... हे कोण आहे?"

मी मान वळवली. घोंगडी खाली ओढली गेली होती. त्याच्या पोटरीवर खड्डे पडून राहिले होते. बारीक, लेकराच्या बोटांचे असावे तसे. मी उठायले गेलो, तं माहे घोटे आवळले गेले. लहानपणी चुळबुळ केली का ती धरायची, तसेच. मी ओरडलो. आयकायले कोणी नव्हतं, सगळे धानात होते. बारीक खड्डे गुडघा ओलांडून मांडीवर गेले. तिथं थांबले.

"दम..." दादा म्हणाला. "दम नाही..."

मी त्याचा हात धरला. दुसरं काही करताच आलं नाही. त्याचे ओठ निळे होत गेले, अना मंग हात सैल पडला.

तवाच माहे घोटे सुटले.

काम संपलं का बायका लुगड्याले तेलाचे हात पुसतात, तसा आवाज आला. एकदा माह्या पायाशी. एकदा दादाच्या बाजूले.

अना एकदा माह्या उशाशी.

ती तिसरी कोणाले चोळून राहिली होती, मले मालूम नाही. झोपडीत आम्ही दोघंच होतो.