हौद्याखालची थप

हे मी स्वतः ऐकलंय. कोणाच्या मावसभावाच्या मित्राची ऐकीव गोष्ट नाही ही. माझ्या दोन कानांनी ऐकलंय, आणि माझ्याबरोबर आणखी दोघींनी.

रात्र नव्हती. सोसाट्याचा वारा नव्हता, वीज गेलेली नव्हती. भर दुपार होती, मार्चमधला दुसरा शनिवार, चारचा सुमार. जागा म्हणजे माझ्या थोरल्या भावाच्या घरामागची पत्र्याची शेड.

दादा जाऊन तेव्हा तीन महिने झाले होते.

आधी आमचं वेड सांगतो. दादा आणि मी जुन्या पिकअप गाड्या घ्यायचो, गंजून कुठेतरी उभ्या असलेल्या. शनिवार-रविवार खपून त्या नव्यासारख्या करायचो. इंजिन उतरवायचं, मागचा सामान भरायचा हौदा काढायचा, बोनेट ठोकून सरळ करायचं, थोडी उंची वाढवायची, चाकं रुंद लावायची. वहिनी म्हणायची, "दोघांना दोन बायका मिळाल्या, पण संसार मांडलाय तो गाडीशीच."

दादाचा धंदा दातांच्या कवळ्या बनवण्याचा. त्याचे कान भारी तीक्ष्ण. डॉक्टर दात ठोकून बघतात ना, तसा तो अख्खी गाडी ठोकून बघायचा. छोटी हातोडी घ्यायची, पुढून सुरुवात करायची, हळूहळू मागे जायचं.

टण… टण… टण…

हा चांगल्या पत्र्याचा आवाज. आणि आतून गंजून पोकळ झाला असेल, तर थप.

थप आली की दादा तिथे खडूने फुली मारायचा. ती जागा कापून नवा पत्रा वेल्ड करणं हे माझं काम. मग तो पुन्हा ठोकायचा आणि टण आली, तरच रंग. असा आमचा नियम होता.

पहिली दोन वर्षं त्याने दोनदा ठोकलं. नंतर एक दिवस हातोडी खिळ्याला अडकवत म्हणाला, "तू केलंयस ना? मग मी कशाला ठोकू?"

तेव्हा मला केवढा अभिमान वाटला होता! आज ते वाक्य आठवलं की मेल्याहून मेल्यासारखं होतं.

आता लाज सोडून सांगतो.

गेल्या सप्टेंबरात जुन्या गाड्यांचा मेळावा होता. आमची हिरवी पिकअप जवळजवळ तयार होती. ही गाडी दादाने स्वतःसाठी ठेवायची ठरवली होती. चॅसीवर, म्हणजे ज्या लोखंडी सांगाड्यावर गाडीचा सगळा भार असतो त्यावर, डावीकडे मागच्या बाजूला एक फुली होती. मागच्या चाकांवरचा भार झेलणारे स्प्रिंगचे पाटे जिथे अडकवतात, बरोबर तिथे. बोटाने दाबलं तर गंजाचा पापुद्रा आत गेला. तळहाताएवढं भोक.

नीट करायचं तर हौदा पुन्हा उतरवायला हवा होता. हातात दोन दिवस होते.

मी भोकात तारेची जाळी कोंबली. वरून लांबी भरली, तीच ती डेंटिंगवाले खड्डे बुजवायला वापरतात ती पुट्टी. घासून गुळगुळीत केली आणि काळा रंग मारला. इतकं बेमालूम काम झालं की मलाच कौतुक वाटलं. मेल्या, कौतुक!

संध्याकाळी दादाने विचारलं, "डावी चॅसी झाली?"

"झाली. मस्त वेल्ड बसलाय."

"शाब्बास."

मेळाव्यात लोक गाडीभोवती फिरत होते, फोटो काढत होते. दादा प्रत्येकाला सांगत होता, "खालचं सगळं काम माझ्या धाकट्याचं आहे बरं का. मी नुसता ठोकणारा." मी बाजूला उभा राहून हसत होतो.

डिसेंबरात दादा झोपेतच गेला. हार्ट अटॅक. गाडी शेडमध्ये तशीच उभी राहिली.

आणि मार्चमध्ये खारूला नोकरी लागली.

खारू म्हणजे दादाची मुलगी. लहानपणी खारीसारखी गाडीच्या टपावर चढायची, म्हणून हे नाव. नोकरी चारशे किलोमीटरवर, वाटेत मोठा घाट. ती म्हणाली, "काका, सामान बाबांच्या गाडीतूनच नेणार. आईही येतेय माझ्याबरोबर. तुम्ही एकदा ऑइल वगैरे बघून ठेवा."

मला ते भोक आठवलं. पण तोंडातून काय निघालं? "हो हो, बघतो."

म्हणून मी त्या शनिवारी शेडमध्ये गेलो. ठरवलं होतं की कोणाला न सांगता हौदा उतरवायचा आणि गुपचूप वेल्डिंग करून टाकायचं. कोणाला कळायचं कारण नव्हतं.

दार लोटून घेतलं. रेडिओ लावला. नट खोलायचे पाने काढून मांडले.

चार वाजले असतील…

रेडिओ बंद पडला.

प्लग बघितला, तो नीट होता. बाहेर कुत्रं भुंकत होतं, तेही थांबलं. इतकी शांतता मी त्या शेडमध्ये कधी अनुभवली नव्हती.

मग…

टण.

आवाज गाडीच्या पुढून आला. मी वळून बघितलं. कोणी नव्हतं.

टण… टण…

आवाज सरकत होता. बोनेटखालून केबिनकडे, केबिनखालून हौद्याकडे. मध्ये तेवढंच अंतर, तीच लय. चौदा वर्षं ऐकलेला आवाज होता हो तो, ओळखायला वेळ लागला नाही.

माझी पाचावर धारण बसली. हातोडी कुठे आहे म्हणून खिळ्याकडे बघितलं.

हातोडी खिळ्यालाच होती.

टण… टण…

आणि डावीकडे, मागे…

थप.

मी श्वास रोखून उभा. वाटलं, संपलं.

थप.

थप.

जणू कोणी विचारत होतं, हे काय आहे रे?

मी वाकून बघितलं. गाडीखाली कोणी नव्हतं. पण गाडीखाली जायची आमची चाकांची फळी तिथे होती. ती मी स्वतः भिंतीला उभी केली होती. आल्या आल्या, पहिलंच काम.

मी पळालो. पाने तिथेच टाकून, दार उघडं टाकून. बावन्न वर्षांचा माणूस लहान पोरासारखा घरी पळत गेला.

रविवारी सकाळी खारूचा फोन आला, "काका, सामान भरायला या ना. उद्या पहाटे निघतोय."

गेलो. न जाऊन सांगतो कोणाला? खोकी भरली, कपाट चढवलं, गाद्या चढवल्या. एकेक वस्तू चढत होती आणि माझं लक्ष त्या एकाच जागेवर होतं. मागची बाजू खाली दबत चालली होती. खारू म्हणाली, "बघा काका, कशी मजबूत उभीये!"

मी हसलो. नेहमीसारखा.

दोर बांधता बांधता चार वाजले. वहिनी चहा घेऊन आली होती.

टण…

खारूने वर बघितलं. "कोण आहे आत?"

टण… टण…

"काका, गाडीखाली कोण आहे?"

मी म्हटलं, "कोणी नाही गं. उन्हाने पत्रा तापला की वाजतो असा."

तिने मान डोलावली. पण वहिनीने ट्रे खाली ठेवला. ती माझ्याकडे बघत म्हणाली, "भाऊजी, हा आवाज रोज येतो. चार वाजता. स्वयंपाकघरात ऐकू येतो. मला वाटायचं, तुम्ही येऊन काम करत असाल."

"मी तर… दादा गेल्यापासून कालच आलो, वहिनी."

"मग रोज कोण येतं?"

थप.

खारूने वाकून गाडीखाली बघितलं. कोणी नव्हतं.

थप.

आता खरं सांगतो, तेव्हाही मी बोललो नाही. भीती वाटत होती. पण भुताची नव्हे, त्या दोघींची. खारू माझ्याकडे कशी बघेल याची. डोक्यात हिशेब चालला होता की सावकाश चालवली तर निभावेल, घाट काही एवढा वाईट नाही, परत आली की करून टाकू. कसा माणूस आहे मी!

खारू म्हणाली, "मी जरा पुढे घेऊन बघते, आवाज जातो का." ती गाडीत बसली. वहिनी दुसऱ्या बाजूने चढून तिच्या शेजारी बसली. दोन्ही दारं लागली.

त्या दोघींना शेजारी शेजारी काचेतून बघितलं आणि माझ्याच्याने राहवलं नाही. मी बोनेटवर दोन्ही हात आपटले.

"उतरा! उतरा खाली! गाडी चालवू नकोस!"

आणि मग सगळं सांगितलं. जाळी, लांबी, काळा रंग, सगळं. बोलताना माझी नजर त्यांच्या चपलांवर होती.

खारू उतरली. खिळ्यावरची हातोडी काढली, फळीवर आडवी झाली आणि गाडीखाली गेली. एकच घाव घातला. लांबीचं ढेकूळ जमिनीवर पडलं. बाहेर आली तेव्हा मनगटापर्यंत हात गंजाने लाल झाला होता.

"आई शेजारी बसणार होती, काका," ती म्हणाली. बस, एवढंच.

वहिनी खुर्चीवर बसून होती. ती म्हणाली, "ह्यांना संशय होता."

"काय?"

"शेवटच्या आठवड्यात म्हणत होते, डावी चॅसी एकदा ठोकून बघावीशी वाटते. मी म्हटलं, मग बघा की. तर म्हणाले, नको. त्याला कळलं तर वाटेल, दादाचा माझ्यावर विश्वास नाही."

मी तिथेच जमिनीवर बसलो आणि ढसाढसा रडलो. कोणी माझी समजूत घातली नाही. का घालतील?

खारूने विचारलं, "अजून कुठे केलंय असं?"

"नाही. शपथ."

ती भाड्याच्या टेम्पोतून गेली. मी पुढचे तीन आठवडे रोज खपलो. हौदा उतरवला, सडका भाग कापला, जाड पत्रा वेल्ड केला. महिन्याने ती सुट्टीवर आली तेव्हा तिने स्वतः ठोकून बघितलं. टण. त्या दिवशी शेडमध्ये चार वाजता आवाज आला नाही.

वाटलं, सुटलो.

त्याच संध्याकाळी माझा फोन वाजला. पाच वर्षांपूर्वी आमची एक निळी पिकअप नेलेला रोपवाटिकेवाला होता. गोड माणूस. म्हणाला, "एक विचारायचं होतं. हसू नका. तुमच्या गाडीत काही वाजतं का हो? रोज चारला… कोणीतरी ठोकतंय असं वाटतं. पुढून येत येत उजव्या दाराखाली थांबतं."

उजव्या दाराखाली काय आहे, ते मला माहीत होतं.

"गाडी चालवू नका," मी म्हटलं. "मी येतो."

"का हो? काय झालं?"

फोन ठेवला. खारू समोरच उभी होती.

"किती गाड्या, काका?"

मी बोटांवर मोजायला लागलो. एका हाताची पुरली नाहीत.

रोपवाटिकेवाल्याची दुरुस्त केली. आणखी तिघांचे पत्ते मिळाले, खारूनेच शोधून दिले, पण ती माझ्याशी कामापुरतंच बोलते. दोन गाड्या सापडत नाहीत. पुढे कोणाकोणाच्या हाती गेल्या, काही कळत नाही. हे कसं घडतं, दादा तिथवर कसा पोचतो, हे मला विचारू नका. मला माहीत नाही.

म्हणून इथे लिहितोय. एक लाल आहे, एक राखाडी. दोन्हींच्या हौद्याला आतून लाकडी फळ्या आहेत आणि मागच्या उघडायच्या फळीवर पितळी कडी आहे.

तुमच्याकडे अशी गाडी असेल आणि दुपारी चारला खालून ठोकल्याचा आवाज येत असेल…

तर घाबरू नका. तो तुम्हाला काही करणार नाही. पण आवाज जिथे थांबेल तिथे खडूने फुली मारा, घरच्यांना त्या गाडीत बसू देऊ नका, आणि मला कळवा.