शेवटची दोन मिनिटं

चामोर्शीच्या बाजारात ललिता निकेशच्या मोबाइल दुकानात शिरली ती फक्त ऊन चुकवायला. पण काउंटरवर मेमरी कार्डांची बरणी दिसली आणि तिला आपलं काम आठवलं.

"एक व्हिडिओ एकतीस कार्डांत टाकून द्याल?"

"एकतीस? कोणता पिच्चर होय, मॅडम?"

"आठवीचं विज्ञान. हिरोइन मीच आहे."

तो हसला आणि टेबलावरचा पंखा तिच्याकडे वळवला.

ललिता जिथे शिकवायची त्या गावात इंटरनेट नावालाच होतं. तरी तिने वर्ग उलटा करायचा घाट घातला होता. धडा मुलांनी घरी पाहायचा, प्रत्येकाने एक प्रश्न आणायचा आणि वर्गात नुसते प्रश्न, प्रयोग आणि भांडणं. घरच्या साध्या मोबाइलवर चालेल असा व्हिडिओ कार्डांत भरून द्यायचं काम आता निकेशचं झालं. दर बाजाराला ती कार्डं देऊन भाजीला जायची. भाजी हल्ली फारच लवकर घेऊन व्हायची.

चौथ्या बाजाराला निकेश चाचरत म्हणाला, "मॅडम... माहा एक प्रश्न आहे."

"तुम्ही पाहता व्हिडिओ?"

"शेवटपर्यंत. चालते का नाई, पाहा लागते ना." त्याने उगाच एक कार्ड पुसलं. "वाटीत पाणी टाकलं तं तळातलं नाणं वर आल्यावानी दिसते. माहे बाबा वैनगंगेत भाल्यानं मासोळी मारते, तं ते दिसते त्याच्या खाली नेम धरते. हे तेच होय का?"

बी.एड.ला हे उदाहरण तिला कुणी दिलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी तिने ते वर्गात सांगितलं आणि वर्गातली निम्मी पोरं, मासेमारांचीच, एकदम बोलायला लागली. त्या दिवसापासून निकेश तिला आवडायला लागला, हे सरळ सांगितलेलं बरं.

पण हा गडी प्रश्नापलीकडे जाईना. इकडे घरी नागपूरचं स्थळ आलेलं. मार्कंड्याच्या जत्रेआधी काय ते सांग, म्हणून आईने तगादा लावला होता.

जत्रा आठवड्यावर आली. बाजाराच्या आदल्या दिवशी शाळेच्या टॅबवर भिंगाचा व्हिडिओ संपवून ललिताने लगेच मैत्रिणीला, साधनाला, फोन लावला. दुसऱ्या दिवशी कार्डं भरून झाली, मुलांना वाटूनही झाली. त्यानंतरच्या सकाळी शाळेला निघताना तिने टॅब उघडला. नऊ मिनिटांचा व्हिडिओ अकरा मिनिटांचा! रेकॉर्डिंग बंद करायचंच राहिलं होतं. शेवटी तिचाच आवाज होता, "नागपूरले नाई म्हणते म्हटलं तं कोणाच्या भरवशावर, साधना? तो निकेश मासोळीच्या पुढं बोलतच नाई!"

एकतीस घरं, म्हणजे सगळं गावच.

वर्गात मात्र कुणीच खुसखुसलं नाही.

"व्हिडिओ कुठे संपला?" तिने जीव मुठीत धरून विचारलं.

"तुमी भिंग ओढणीनं पुसता ना मॅडम, तिथं," गोकुळा म्हणाली.

म्हणजे पुढचं कुणीतरी कापलं होतं. आणि शेवटपर्यंत पाहणारा एकच होता.

शाळा सुटल्यावर ती थेट दुकानात गेली. निकेशने एक कार्ड पुढे सरकवलं.

"दोन मिनटं कापली. यातच आहे, दुसरी कॉपी नाई. तुमची चीज आहे, तुमी घेऊन जा."

"तुम्ही ऐकलं?"

"शेवटपर्यंत..."

"मग बोलला का नाहीत?"

"मी बारावी नापास, तुमी मॅडम. मले वाटलं, दिसून राह्यलं तसं नसन..."

"आपल्या वर्गाचा नियम ठाऊक आहे ना? व्हिडिओ पाहिला की प्रश्न आणायचा." तिचा आवाज मॅडमचा होता, पण कान लाल झाले होते.

निकेशने कार्डांची बरणी बाजूला सारली. "नागपूरले... नाई म्हणान का? भरवसा माहा. मले तुमी लय आवडता. पाहा, मासोळीच्या पुढं बोललो."

ललिताला हसू आवरेना. तिने कार्ड त्याच्याकडेच परत सरकवलं, पर्समधून फोन काढला आणि तिथेच आईला लावला.

"आई, नागपूरले नाई सांगून दे."

"काऊन वं?" आईचा आवाज निकेशपर्यंत गेला. त्याने घाईघाईने केसांवरून हात फिरवला, जणू आई समोरच उभी होती.

"जत्रेले ये," ललिता म्हणाली, "दाखवते."