भिंतीएवढ्या गाद्या

पितळी कडीची एक संदूक.

एप्रिलमधला बर्फ, जो पडतो आणि लगेच ओशाळून वितळतो.

आई उठताना तिच्या गुडघ्यांचा आवाज. वाळकी काटकी मोडावी तसा.

डोलोन घाटात बंद पडलेली मिनीबस, आणि माझ्या गाठोड्याच्या पलीकडून कुणीतरी—

"ऐकता का? तुमच्या सामानाने माझा श्वास कोंडलाय."

मी वळले. गाठोड्यावर फक्त दोन डोळे दिसत होते. एका भुवईवर विटेची धूळ.

"मांडीवर घ्या ना," मी म्हणाले. "मऊ आहे."

"आहे काय यात?"

"गाद्या."

"लग्न ठरलंय वाटतं..." त्याचा आवाज एक पायरी खाली उतरला. मला उगाच बरं वाटलं.

"उलट. देऊन टाकतेय."

"लग्न?"

"गाद्या."

तो हसला. गाठोडं खरंच मांडीवर घेतलं, तान्ह्या बाळासारखं. खिडकीवर बर्फ टेकत होता, घसरत होता. आणि मला भीती वाटली. कशाची, ते पुढे कळलं.

*

आमच्याकडे मुलगी झाली की आई गाद्या शिवायला घेते. आत लोकर, वर मखमल. घड्या घालून संदुकीवर रचायच्या, भिंतीला लावून. त्या ढिगाला जूक म्हणतात. जूक जितकं उंच, तितकी मुलगी... हे वाक्य आमच्या कोचकोर गावात कुणी पूर्ण करत नाही. गरज पडत नाही.

माझं जूक छताला टेकलं होतं. एकतीस गाद्या. आई मात्र एका जुन्या, कागदासारख्या गादीवर झोपायची. "नव्या तुझ्या," म्हणायची. "मला काय करायच्यात?" फेब्रुवारीत ती त्याच गादीवर गेली. समोर एकतीस कोऱ्या गाद्या.

वडील मला आठवतही नाहीत. घरात मी एकटी. चाळिसाव्या दिवसाचं जेवण झालं, माणसं पांगली, आणि मी ठरवलं: वापरात नाही ते घरात नाही. काचेच्या कपाटातली भांडी गेली, मग कपाट गेलं. चहाचे कटोरे दोन ठेवले. पाव आठवड्यातून दोनदा भाजायचा. कोट फाटला तर टाका घालायचा. नव्यांपैकी दोन गाद्या ठेवल्या, आणि आईची. बाकीच्या घाटापलीकडच्या नारीनच्या वृद्धाश्रमात. एकोणतीस गाद्या, पाच फेऱ्या. घाटातली ती तिसरी.

पाचवी फेरी संपवून आले त्या संध्याकाळी जूकच्या खोलीत पहिल्यांदा पाय लांब करून बसले.

*

त्याचं नाव इलगिज. तो चुली बांधतो, विटांच्या, अख्खं घर तापवणाऱ्या. मे महिन्यात तो माझी चूल तपासायला आला. चूल ठीक होती. हे त्याला माहीत होतं, मलाही.

"तुझ्या घरात आवाज घुमतो."

"सामान नाही ना."

"बघू?" तो खोलीच्या मधोमध उभा राहिला. हळूच म्हणाला, "झिपार..."

माझं नाव भिंतीला लागून माझ्याकडे परत आलं. हातातला कटोरा हिंदकळला.

"कटोरे दोनच? दुसरा कुणासाठी ठेवलास?"

"धुवायचा कंटाळा येतो म्हणून दोन."

"म्हणजे माझ्यासाठी नाही."

"चहाची साय लागलीय ओठाला. ती पूस आधी."

पुसताना तो माझ्याकडेच बघत होता. मी चुलीकडे.

*

सप्टेंबर. फाटकाशी.

"शनिवारी आई येतेय. कानातलं घालायला तुला."

"बरं."

"घाबरलीस?"

"छे."

तो गेला. मुलाच्या आईने कानातलं घातलं, की आमच्याकडे लग्न ठरलं. मी फाटकाची कडी लावली, काढली, पुन्हा लावली.

रिकामी भिंत ही माझी निवड होती. पण इलगिजच्या आईला, सोनुनबू आपांना, काय दिसणार? आईविना मुलगी, हात रिकामे, किंवा घरातलं सगळं विकून बसलेली. त्या एक नजर टाकतील, चहाला हात लावणार नाहीत, आणि कानातलं पिशवीतल्या पिशवीत परत जाईल. तो आईच्या मागोमाग जाईल. जावंच लागेल. मग ही खोली मला नको तेवढी मोठी होईल...

शुक्रवारी शेजारच्या सालकिन एजे आल्या. माझ्याकडून वडीलधारी म्हणून त्याच बसणार होत्या. भिंत बघून त्यांनी गालावर हात मारला.

"ही भिंत दाखवणार त्यांना? पोरी, शुद्धीवर आहेस ना?"

"एजे, त्याला आवडते अशी."

"त्याला कोण विचारतंय? जूक बघतात बायका. चल, उचल माझ्याकडच्या."

मी नाही म्हणायला हवं होतं. उचलल्या. चार घरांतून बावीस गाद्या आणल्या. संध्याकाळपर्यंत भिंत भरली.

*

शनिवार, दुपार. इलगिज आत आला, सलाम म्हणाला. आवाज घुमला नाही. तो थबकला. आधी भिंतीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्याने विचारलं असतं तर बरं झालं असतं.

त्याच्या आई बसल्या. सालकिन एजेंनी बोरसोक पुढे केले, गरम, तळलेले पावाचे तुकडे. आपांनी घेतले नाहीत. त्या उठल्या, जूकपाशी गेल्या, आणि एका घडीत हात घातला. मग दुसऱ्या. मग खालच्या. खोलीत फक्त मखमलीची सरसर.

"कुणी शिवल्या?"

"आईने."

"तुझ्या आईला हात किती होते?"

माझे कान तापले.

"ही लांब टाके घालते. ही डावखुरी. हिला घाई असते. आणि ही... सालकिन, ही तुझी ना?"

सालकिन एजेंनी कटोरा तोंडाला लावला. त्यात चहा नव्हता.

पळून जावंसं वाटलं. पण माझंच घर, पळणार कुठे?

"माझ्या नाहीत या," मी म्हणाले. "माझ्या तीनच आहेत. बाकीच्या मी देऊन टाकल्या. कुणी लुबाडलं नाही मला, आपा. मला असंच राहायचंय... थोडक्यात. काल घाबरले म्हणून आणल्या."

"आणि आज?"

"आज जास्त घाबरलेय."

मी स्टूल घेतलं, वर चढले, पहिली गादी ओढली. दुसरी ओढताना तिसरी अंगावर आली—आणि खालून कुणीतरी झेलली.

"दे इकडे," इलगिज म्हणाला.

"तू बस. पाहुणा आहेस."

"घाटात बसलो होतो की मांडीवर घेऊन. सवय आहे मला."

"आई बघतायत..."

"बघू दे. तू पडू नकोस फक्त."

गादी देताना बोटं लागत होती, बावीस वेळा. कुणी कुणाकडे पाहिलं नाही. भिंत वरून खाली उघडी होत गेली, आणि आपा मूठ मिटून उभ्या. त्या मुठीत कानातलं होतं. मी त्या मुठीकडे बघायचं टाळत होते.

शेवटी तीन उरल्या.

"तुझी आई कुठल्या गादीवर झोपायची?"

मी बोट दाखवलं. त्यांनी ती ओढून घेतली, खाली बसून मांडीवर धरली, अंगठ्याने दाबत गेल्या. या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"लोकर पार बसलीय. उसवून पिंजायला हवी. वसंतात मी येईन, तू लोकर झोडायच्या काठ्या तयार ठेव. तोवर हिच्यावर झोपायचं नाही, पाठ जाईल."

मला कळायला वेळ लागला. इलगिजला आधी कळलं. त्याने भिंतीला पाठ टेकली आणि डोळे मिटून घेतले.

"कान इकडे कर," आपा म्हणाल्या. "हलू नकोस. टोचेल."

"हलत नाहीये, आपा."

"मग मी हलतेय का?"

चांदी गार होती. त्यांची बोटं गरम होती. मी श्वास सोडला तेव्हा तो भिंतीवरून परत ऐकू आला.

त्याआधीच्या मंगळवारीच इलगिजने आईला सांगितलं होतं, की त्या घरात गाद्या तीनच आहेत.