तांब्याचे सात टाके

डेल्फ्ट शहरातल्या पुलावर एका खलाशाची पोतडी मेख्टेलच्या कोपराला लागली, आणि तिच्या हातातला चिनी वाडगा दगडांवर खळ्ळकन फुटला.

"डोळे आहेत की बटणं?" ती म्हणाली.

वाडगा तिच्या आईचा. त्यावरचे निळे बगळे बघून बघून ती कुंभारांच्या कारखान्यात ताटल्या रंगवायची. नमुनाच गेला म्हणजे पोटावर पाय. आणि हा गृहस्थ खुशाल गुडघ्यांवर बसून तुकडे वेचत होता... तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

त्याचं नाव यूस्ट. फुटकी भांडी सांधायला तो पूर्वेकडच्या बटाव्हिया बंदरात एका चिनी कारागिराकडून शिकला होता. दुसऱ्या दिवसापासून कारखान्याच्या दारात बसून तो सामत्यानं, दोरीनं फिरणाऱ्या गिरमिटानं, तुकड्यांना बारीक भोकं पाडू लागला, त्यात तांब्याचे टाके घालू लागला. मेख्टेल रोज येऊन त्याला बोल लावायची. तिसऱ्या दिवशी त्यानं तिची ताटली निरखून पाहिली.

"बगळे कुठले, या तर रुसलेल्या कोंबड्या आहेत."

तिनं कुंचला फेकून मारला. त्याच्या गालावर निळा ठिपका उमटला, आणि संध्याकाळपर्यंत त्यानं तो पुसला नाही. तिनं ते पाहिलं होतं...

पाचव्या दिवशी त्यानं वाडग्यात कालव्याचं पाणी भरलं. सात टाके होते, तरी थेंबही गळला नाही. मग पाणी ओतून त्यानं वाडगा तिच्या हातात दिला.

"गुरुवारी जहाज आहे," पोतडी खांद्याला लावत तो खाली बघत म्हणाला. "पुन्हा पूर्वेला. तीन वर्षं तरी."

"हे आत्ता सांगतोस?"

"आधी सांगितलं असतं तर... आली असतीस रोज?"

"मी भांडायला येत होते."

"म्हणून तर एका दिवसाचं काम चार दिवस पुरवलं."

मेख्टेलला त्याचा राग आला, जहाजाचा आला, आणि चार दिवस सकाळची वाट पाहणाऱ्या स्वतःचा सगळ्यात जास्त आला. तिनं वाडगा डोक्यावर उचलला आणि दगडांवर आपटला.

यूस्ट बघतच राहिला. यावेळी फार तुकडे झाले होते.

"किती दिवस लागतील?" तिनं विचारलं.

त्यानं खांद्यावरची पोतडी सावकाश खाली ठेवली. "गुरुवारपर्यंत... नाही जमायचं."

"मग बस खाली," ती त्याच्या शेजारी टेकत म्हणाली. "आणि एक जरी तुकडा हरवलास तर बघ."