पाचवा चौकोन

रविवारी सकाळी कॅमेरे बसवायला कृष्णा आला, तेव्हा सरूबाई दारात बसून हरभऱ्याची भाजी निवडत होती. कृष्णा गुलमंडीजवळच्या दुकानात कामाला होता. त्यानं शिडी टेकवली, भिंतींना भोकं पाडली आणि जेवायच्या वेळेपर्यंत चार कॅमेरे लावून मोकळा झाला. एक फाटकावर, एक व्हरांड्यात, एक मागच्या मोरीकडं आणि एक हॉलमध्ये. चारही वायरी कपाटाच्या खोलीतल्या एका काळ्या डब्यात गेल्या, आणि डब्यातून एक वायर टीव्हीला आली.

"ह्याला रेकॉर्डर म्हणतात, मावशी. घरात जे जे होईल ते समदं ह्याच्या पोटात ऱ्हातं," कृष्णा म्हणाला.

"समदं?" सरूबाईनं विचारलं.

"समदं."

टीव्हीवर आठ चौकोन उमटले. वरच्या चारांत त्यांचंच घर होतं. फाटक, व्हरांड्याची लोखंडी जाळी, मोरी आणि हॉलमध्ये लुगड्याचा ओचा सावरत उभी असलेली ती स्वतः. खालचे चार काळेठिक्कर. डबा आठ कॅमेऱ्यांचा होता आणि आपले कॅमेरे चारच, म्हणून खालचे रिकामे, असं कृष्णानं सांगितलं.

हे सगळं चोराच्या भीतीनं चाललेलं नाही, हे सरूबाईला कळत होतं. तिचा जन्म खुलताबादच्या डोंगरावर मेंढरांमागं गेला. नवरा वारला, मेंढरं विकली, आणि लेकानं, त्रिंबकनं, तिला पडेगावच्या पुढं दौलताबाद रस्त्याला घेतलेल्या रो-हाऊसमध्ये आणलं. मागच्या महिन्यात मोकळ्या प्लॉटवरून मेंढरांचा एक कळप गेला. घंटांचा आवाज ऐकून सरूबाई चपला न घालताच निघाली आणि कळपामागं चालत राहिली. परतीची वाट काही तिला उमगेना. सगळी घरं एकसारखी, सगळी फाटकं एकसारखी. दिवस मावळताना ती किल्ल्याच्या पायथ्याशी एका शेतात बसलेली सापडली. त्या दिवसापासून त्रिंबकनं जी धास्ती घेतली ती गेलीच नाही.

सोमवारी तो वाळूजला कंपनीत निघाला, सून सोनिया दवाखान्यातल्या लॅबमध्ये निघाली, आणि पहिल्यांदाच व्हरांड्याच्या जाळीला बाहेरून कुलूप लागलं.

"मला कोंडून चाललास व्हय रं?"

"कोंडत नाय, माय. जपतोय," त्रिंबक खाली मान घालून म्हणाला. "चहाच्या सुट्टीत मोबाइलवर बघत जाईन तुला. काय लागलं तर कॅमेऱ्याकडं हात कर."

कुलपाचा खटका वाजला. गाडी लांब गेली. मग घरात आवाज म्हणून राहिला तो फक्त त्या काळ्या डब्याचा, बारीक घरघरणारा. रानात अंगाभोवती वारा असायचा, इथं भिंती होत्या. सरूबाई या खिडकीतून त्या खिडकीत गेली, जाळीला हात लावून उभी राहिली, आणि शेवटी टीव्हीसमोर येऊन बसली. दुसरं करणार काय? आपलंच फाटक, आपलीच मोरी बघत बसायचं. फाटकावर एखादं कुत्रं आलं तरी पाहुणा आल्यागत वाटायचं.

असेच काही दिवस गेले. एका दुपारी तिचं लक्ष खाली गेलं. काळ्या चौकोनांपैकी पहिला, म्हणजे पाचवा, काळा नव्हता.

त्यात एक खोली होती. उघड्या भिंती, एक बाज, आणि बाजेवर पाठमोरी बसलेली एक बाई. डोक्यावर पदर. हलत नव्हती, बोलत नव्हती. खोलीला दार होतं, पण त्याच्याकडं बघताच ते बंद आहे हे कळत होतं. लई दिवसांपासून बंद असलेलं दार कसं दिसतं, हे सरूबाईला कुणी सांगायची गरज नव्हती.

"कोण गं बाई तू?" ती टीव्हीला म्हणाली.

संध्याकाळी तिनं सोनियाला बोलावून दाखवलं. चौकोन काळा होता.

"कृष्णाला विचारते, आत्याबाई," सोनिया म्हणाली आणि तिनं फोनही केला. कृष्णा म्हणाला, डब्यातली डिस्क कुणाकडून परत आलेली असेल, तिच्यात आधीच्या घरातलं काहीतरी राहिलं असेल, येऊन बघतो. तो काही आला नाही. त्रिंबकच्या मोबाइलवर तर चारच चौकोन दिसत होते.

पण सरूबाईला ते पटलं नाही. जुनं चित्र असतं तर त्याला आजचा उजेड कसा? बाहेर ढग आले की त्या खोलीतही अंधारून यायचं. शेजारी मिक्सर लागला की ती बाई मान किंचित वळवायची.

खरं सांगायचं तर सरूबाईला तिची सोबतच वाटायला लागली. लेक-सून गेले की ती टीव्हीसमोर पाट ओढायची आणि बोलत बसायची. मेंढरांच्या गोष्टी, नवऱ्याच्या आजारपणाच्या गोष्टी, लेकाच्या लहानपणीच्या गोष्टी. "तुलाबी कोंडलंय का गं? कुणी? लेकानं?" ती विचारायची. पाठमोरी बाई ऐकत असल्यासारखी बसायची. एकदा सरूबाईनं जात्यावरची ओवी म्हटली, आणि ती बाई तालावर डुलली. सरूबाईला हसू आलं. कितीक दिवसांनी आलं.

मग एका दुपारी तिला खोकला लागला. लागला तसा थांबलाही. आणि चौकोनातल्या बाईचे खांदे हलले. तसेच, तेवढेच.

सरूबाईनं गुडघ्यावर हात ठेवला. थोड्या वेळानं त्या बाईनं गुडघ्यावर हात ठेवला. सरूबाईनं पदर कानामागं खोचला. थोड्या वेळानं त्या बाईनंही खोचला… कानामागं, डावीकडंच. शाळेतलं पोर मास्तरकडं बघून अक्षर गिरवतं ना, तसं ती गिरवत होती. रोज थोडं थोडं. आधी उशिरानं करायची, मग लगेच करायला लागली. आणि एके दिवशी सरूबाई पाण्याचा तांब्या उचलायला वळणार, तेवढ्यात त्या बाईनं हात आधीच पुढं केला.

त्या दिवशी सरूबाईनं टीव्ही बंद केला. पण बंद करून सुख लागेना. पाठीमागं कुणी बसलंय आणि आपण त्याच्याकडं पाठ करून बसलोय, असं वाटत राहायचं. संध्याकाळी तिनं त्रिंबकचा हात धरला.

"बाबा, तो डबा काढ. आन् कुलूप नको लावू. म्या कुठं जात नाय. दारातच बसते."

"अजून थोडे दिवस, माय," तो म्हणाला. त्याच्या डोळ्यांत किल्ल्याखालची ती संध्याकाळ होती.

आग लागली ती दुपारीच. आधी वास आला, रबर जळल्यासारखा. सरूबाई उठून कपाटाच्या खोलीपाशी गेली, तर काळ्या डब्यामागचा बोर्ड ठिणग्या टाकत होता आणि वर अडकवलेल्या गोधड्यांनी पेट घेतला होता. तिनं बादली आणेपर्यंत दारातून धूर लोटायला लागला, जाड आणि कडू. ती हॉलमध्ये पळाली. कॅमेऱ्याकडं बघून दोन्ही हात हलवले. "त्रिंबक! अरं, बघ रं बाबा!" कोण बघणार? चहाची सुट्टी केव्हाच संपली होती.

टीव्ही बंद होता. ती बघत होती आणि तो आपोआप लागला. वरचे चारही चौकोन काळे होते. पाचव्यात उजेड होता. बाज रिकामी होती.

मग लाइट गेली आणि टीव्हीही विझला.

सरूबाई जमिनीवर बसली आणि सरपटत व्हरांड्याकडं निघाली. डोळ्यांतून धारा, छातीत जाळ. जाळी हाताला लागली तशी तिनं ती दोन्ही हातांनी धरून हलवली. कुलूप बाहेर, हात आत. "वाचवा रं… कुणीतरी…" आवाज घशाच्या बाहेर निघेना. आणि त्या धुरात तिला जाणवलं, जाळी आपण हलवतोय त्याहून जोरात हलतेय.

तिच्या हाताशेजारी आणखी एक हात होता. थंडगार. त्याच्याही मनगटात बांगड्या वाजत होत्या.

"सोनिया…?" ती म्हणाली.

नुसता श्वास ऐकू आला, तिच्याच श्वासाबरोबर आत जाणारा, तिच्याच श्वासाबरोबर बाहेर येणारा…

शेजारचा संघपाल एसटीवर ड्रायव्हर होता आणि त्या दिवशी सुट्टीवर घरी होता. धूर बघून तो पहार घेऊन धावला. कुलूप एका घावात तुटलं. जाळी उघडली, उजेडाची एक फट दिसली, आणि सरूबाई उठायला गेली, तर तिच्या छातीवर कुणाचा तरी तळवा आला. त्यानं तिला आत ढकललं. ती पाठीवर पडली. पदराची सळसळ तिच्या अंगावरून पुढं गेली. मग जाळी पुन्हा लागल्याचा आवाज झाला, आणि पुढचं तिला काही आठवत नाही.

शुद्ध आली तेव्हा ती दवाखान्यात होती. त्रिंबक पायाशी डोकं टेकून लहान पोरासारखा रडत होता. "कुलूप फेकून दिलं, माय. आता कधी लावणार नाय," एवढंच तो परत परत म्हणत होता. तिनं त्याच्या केसांतून हात फिरवला.

संघपाल भेटायला आला. बसला, पाणी प्याला, आणि मग हळूच म्हणाला, "मावशी, एक विचारू का? तुम्ही परत आत कामून गेलात?"

"परत?"

"म्या कुलूप तोडल्याबरोबर तुम्हालाच तर बाहेर काढलं. हाताला धरून फाटकापस्तोर आणलं. आत आनखी कुणी हाय का, म्हणून विचारलं. तुम्ही म्हणालात, 'कुणी नाय. दार लावून घे.' म्या निघालोच होतो… तेवढ्यात आतून भांडं पडल्याचा आवाज आला. म्हणून घुसलो. तर तुम्ही आत, जमिनीवर."

त्रिंबक म्हणाला, धुरात माणसाला काहीही भास होतात. संघपालनं मान डोलावली. पण जाताना त्यानं सरूबाईच्या हातांकडं पाहिलं, आणि ते हात हातात घेऊन निरोप घ्यायचं त्याला काही जमलं नाही.

घर रंगवलं, वायरिंग नवं केलं. कॅमेरे काढले, जळलेला डबा भंगारात गेला. जाळी आता दिवसभर सताड उघडी असायची. सरूबाई तिथं पाट टाकून बसायची, येणाऱ्या-जाणाऱ्याशी बोलायची, वाऱ्याला तोंड करून डोळे मिटायची. एवढ्या दिवसांनी तिला त्या घरात मोकळा श्वास येत होता. फक्त एकदा भाजीवाली आवडाबाई फाटकाशी थांबून रुसव्यानं म्हणाली, "काल मिटमिट्याच्या रस्त्यानं चालला होतात. इतक्या हाका मारल्या, वळून बघितलं बी नाय." सरूबाई काल घराबाहेर पडली नव्हती. तिनं ते हसण्यावारी नेलं. रात्री मात्र तिला जेवण गेलं नाही.

त्यानंतरची ही गोष्ट. संध्याकाळची वेळ होती, उन्हं पिवळी झाली होती. सोनिया अजून यायची होती. सरूबाई दारात बसून लसूण सोलत होती, तेवढ्यात कोपऱ्यावर त्रिंबकची गाडी वळलेली दिसली. ती हातातलं ठेवून उठली. लेक दमून आलाय, चहा टाकावा.

गाडी जवळ आली. त्रिंबकच्या मागं कुणीतरी बसलं होतं. एका बाजूला पाय सोडून, एक हात त्याच्या खांद्यावर ठेवून. डोक्यावर पदर, डावीकडं कानामागं खोचलेला. त्रिंबक मान मागं वळवून तिच्याशी काहीतरी बोलत होता. रागावल्यासारखा, आणि हायसं वाटल्यासारखा.

सरूबाईचे पाय आपोआप मागं सरले. तिनं जाळी ओढली. आतल्या दाराच्या दोन्ही फळ्या लोटल्या. कडी घातली, वरची खिटी सरकवली, आणि पाठ दाराला लावून अंधारात उभी राहिली. घरात कसलाही आवाज नव्हता. तोंडावर तिनं स्वतःचाच हात गच्च दाबून धरला होता.

फाटक वाजलं. गाडी स्टँडवर लागली.

"उतर, सावकाश," त्रिंबकचा आवाज आला. "एवढ्या लांब एकटी कशाला गेलतीस? म्या बघितलं नसतं तर? चल, घरात चल."

जाळी करकरली. जाळी करकरली. कुणीतरी दार ढकललं, मग पुन्हा ढकललं. कडी थरथरली.



मग त्रिंबक हळू आवाजात, शेजारी उभ्या असलेल्या तिला म्हणाला, "माय… दार आतून कुणी लावलंय गं?"