लाल पट्टी काढताना

सगळं हॉस्पिटल या नर्सला चौकशीबाई म्हणायचं. तळमजल्यावर, रक्त तपासणीच्या शेजारी तिची खोली होती: तीन खुर्च्या, भिंतीवर घड्याळ आणि टेबलावर गोळ्यांचा डबा. ज्यांच्या फायलीवर 'पेनिसिलिन चालत नाही' अशी लाल पट्टी चिकटवलेली असे, ते पेशंट तिच्याकडे यायचे. तिचा पहिला प्रश्न ठरलेला: "कोणी सांगितलं?"

उत्तरही बहुधा ठरलेलं. आईनं सांगितलं, लहानपणी अंगावर पुरळ उठलं होतं म्हणे. दहांतल्या नऊ जणांचं ते पुरळ तापाचं निघायचं आणि औषध बिचारं उगाच बदनाम झालेलं असायचं. आधी हातावर सुईनं टोचून बघायचं, मग गोळीचा दहावा भाग, मग पूर्ण गोळी, आणि तासभर गप्पा मारत बसवून ठेवायचं. काही झालं नाही, की पेशंटनंच पट्टी टर्रकन सोलून काढायची आणि खोलीतल्या सगळ्यांनी टाळ्या वाजवायच्या. टाळ्यांचा नियम तिचाच. पलीकडून रक्त तपासणीवाला भिंत ठोकायचा, "अहो, इथे माणसं आधीच घाबरलीत, जरा हळू!"

त्या सोमवारी एका शिंप्यानं पट्टी काढली. चाळीस वर्षांपूर्वी त्याच्या डाव्या मनगटावर गांध्या उठल्या होत्या. दुपारी हात धुताना चौकशीबाईला स्वतःच्या डाव्या मनगटावर तीन गांध्या दिसल्या. साबण बदललाय वाटतं, असं म्हणून तिनं हात पुसले.

बुधवारी एक बसचालक आला. त्याचा खालचा ओठ सुजला होता म्हणे, शाळेत असताना. आता मात्र काहीच झालं नाही आणि तो जवळजवळ नाचतच घरी गेला. तिला चहा पिताना ओठ जड लागला. आरशात पाहिलं तर तो एका बाजूला चांगलाच फुगलेला. संध्याकाळपर्यंत उतरला.

तिनं ही गोष्ट डॉक्टरबाईंच्या कानावर घातली.

"सिस्टर, रजा घ्या," डॉक्टरबाई हसत म्हणाल्या. "तुम्हाला लोकांची फारच काळजी लागते."

तीही हसली. पण वहीत दोन्ही तारखा लिहून ठेवल्या.

शुक्रवारी तिची आईच वरच्या मजल्यावर दाखल झाली. हृदयाच्या झडपेला जंतुसंसर्ग. पेनिसिलिनच हवं होतं. बदली औषधानं तीन दिवसांत मूत्रपिंडं थकायला लागली. आणि फायलीवर लाल पट्टी.

"कोणी सांगितलं?" तिनं सवयीनं विचारलं.

"कोण सांगणार? मीच," आई म्हणाली. "तू पोटात होतीस. इंजेक्शन दिलं आणि माझा श्वास बंद. चांगली दोन मिनिटं. नर्स रडायला लागली. मला मात्र काही त्रास नव्हता बघ, उलट मजाच वाटत होती. मग तू आतून अशी लाथ हाणलीस, की झाला सुरू!"

"आई, थट्टा पुरे."

"थट्टा कसली? तेव्हापासून तुझ्या वाटेला जात नाही मी."

डॉक्टरबाई म्हणाल्या, घरच्या माणसाची तपासणी दुसऱ्या सिस्टरला करू दे. दुसऱ्या सिस्टरची दोन लेकरं होती, धाकटं अजून अंगावर पिणारं. चौकशीबाई म्हणाली, "नको, मीच करते." मनगट आणि ओठ तिला आठवत होते, भीतीही वाटत होती. पण आई हवी होती.

सकाळी दहा वाजता आईला चाकांच्या खुर्चीतून, पाठीशी उशी देऊन खाली तिच्या खोलीत आणलं आणि सुई टोचली. हातावर काही उठलं नाही.

काही झालंच तर लगेच द्यायचं इंजेक्शन भरून डॉक्टरबाई बाजूला उभ्या होत्या. गोळीचा दहावा भाग दिला. अर्धा तास झाला.

"पूर्ण गोळी दे गं," आई म्हणाली. "चिमणीचा दाणा काय देतेस?"

दिली.

आईचे गाल गुलाबी होते. नाडी छान लागत होती. ती डॉक्टरबाईंना लेकीच्या लहानपणच्या खोड्या सांगत सुटली.

तास भरला.

आईनं पट्टी टर्रकन सोलली आणि लेकीच्या कपाळावर चिकटवून दिली. खोली टाळ्यांनी भरून गेली. या वेळी रक्त तपासणीवाल्यानंही भिंतीपलीकडून टाळ्या वाजवल्या. डॉक्टरबाईंनी चक्क शिट्टी मारली. हसून हसून सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

आई वाचणार होती. चौकशीबाईला इतका आनंद कधी झाला नव्हता.

तीही हसत होती. फक्त तिच्या हसण्याला आवाज नव्हता.

तिनं छातीवर हात ठेवला. छाती हलत नव्हती.

दोन मिनिटं, तिनं मनाशी म्हटलं, फक्त दोन मिनिटं. तिनं आईची उशी सारखी केली, कप उचलले, फायलीवर सही केली.

"गप्प का गं?" आईनं विचारलं.

तिनं नुसतीच मान हलवली आणि घड्याळाकडे पाहिलं. अकरा मिनिटं झाली होती, आणि तिला जराही गुदमरत नव्हतं.