रस्ता बंद होता तोवर

हवालदाराची शिट्टी वाजली तेव्हा गान्दोल्फोचा एक पाय मास्त्रो लुकांच्या उंबरठ्यावर होता, आणि हातात त्यांच्या गुडघ्याच्या औषधाची बाटली.

"जो जिथे आहे तो तिथेच!" हवालदार ओरडला. "रस्ता बंद. शेवटची गाडी जाईपर्यंत कुणी पलीकडे जायचं नाही."

"अहो, पण माझं दुकान समोरच आहे... वीस पावलांवर."

"मग ती वीस पावलं दुपारी टाका."

दारात कुणीतरी हसलं. गान्दोल्फोनं मान वर केली नाही. ते हसू कुणाचं, हे त्याला न पाहताही कळलं.

मे महिन्यातल्या त्या रविवारी मोटारींच्या शर्यतीमुळे कोलेसानो गावाच्या मोठ्या रस्त्याचे, दरवर्षीप्रमाणे, दोन काठ झाले होते. डोंगरातून बहात्तर किलोमीटरचा एक फेरा, असे दहा फेरे. आणि प्रत्येक फेरा लोकांच्या दारांना घासून जाणारा. स्वयंपाकघरातल्या खुर्च्या बाहेर काढून, भिंतींना पाठ टेकवून सगळं गाव बसलं होतं.

समोरच्या औषधांच्या दुकानात कामाला लागून गान्दोल्फोला दोन वर्षं झाली होती. या दोन वर्षांत त्यानं खोगीर शिवणाऱ्या मास्त्रो लुकांच्या मुलीला, नुन्झियाला, काचेआडून पाहिलं होतं — चादरी झटकताना, वडलांच्या कातड्याला मेण चोळताना, कधी नुसतीच कपाळावर हात धरून डोंगराकडे बघत उभी असताना. बोलणं मात्र एवढंच झालेलं: "दिवसातून किती वेळा?" आणि "तीन वेळा. जेवणानंतर."

"बसा," नुन्झिया म्हणाली. "खुर्ची मोकळीच आहे."

"मोकळी कसली? अत्तिलिओची आहे ती," मास्त्रो लुका म्हणाले.

"अत्तिलिओ तिकडे आहे, बाबा."

तो खरंच तिकडे होता. काम्पोफेलिचे गावच्या तेलघाणीवाल्यांचा हा मुलगा आज आईला घेऊन जेवायला यायचा होता, आणि संध्याकाळपर्यंत नुन्झियानं त्याला लग्नासाठी हो किंवा नाही सांगायचं ठरलं होतं. शिट्टी वाजली तेव्हा मायलेक नेमके गान्दोल्फोच्या दुकानाच्या पायरीशी पोचले होते. त्याचा काळा कोट, आईच्या मांडीवर कानोली मिठाईची पेटी... आणि मधे रस्ता.

"नुन्झिया!" अत्तिलिओनं हॅट हलवली. "माझ्या खुर्चीवर कोण बसलंय गं?"

"औषधवाले!"

"त्यांना म्हणावं, जेवण खुशाल खा. कानोली मात्र इकडेच राहणार!"

दोन्ही काठ हसले. गान्दोल्फोही हसला, आणि मनातून खिन्न झाला. माणूस वाईट असता तर किती सोपं झालं असतं.

मग डोंगरावरून पहिला आवाज आला. आधी गांधीलमाशीसारखा, मग कापड टरकावल्यासारखा. चर्चच्या वळणावरून एक गाडी झोकांडत उतरली, दारांवरचे पडदे आत ओढले गेले, आणि जळक्या तेलाचा उग्र गोड वास मागे ठेवून ती निघूनही गेली.

नुन्झियानं त्याच्या मांडीवर वाटाण्याच्या शेंगांचं भांडं ठेवलं. "सोलता येतात ना? की आधी तराजू आणू?"

"येतात..."

"मग एकेक दाणा असा निरखून काय पाहताय? आजारी आहे का तो?"

दोघांची बोटं एकाच भांड्यात होती. ती लागू नयेत म्हणून गान्दोल्फो इतका जपत होता, की शेवटी लागलीच.

"माझे वडील सांगायचे," मास्त्रो लुका रस्त्यावरची नजर न काढता म्हणाले, "पहिल्यांदा शर्यत झाली तेव्हा एक गाडी गेली की दुसरी येईपर्यंत शेळी दोहून व्हायची. गाडीवाले थांबून पाणी मागायचे, शेजारी बसलेला मिस्त्री उतरून चाक ठोकायचा. आणि आता बघा! यांनीच माझी खोगिरं खाल्ली, आणि मीच टाळ्या वाजवतोय."

"मग का वाजवता, बाबा?"

"सुंदर आहेत म्हणून," ते म्हणाले.

तिसऱ्या फेऱ्याला गान्दोल्फोला एक शोध लागला. गाडी दारासमोर असते तेवढा वेळ जगात दुसरं कुणी नसतं. त्या गर्जनेच्या आत, शेजारच्या एका माणसापुरतं, काहीही बोलता येतं. एक लाल गाडी गेली, आणि तिच्या आडून तो म्हणाला, "तुमचे केस... आज वेगळे बांधलेत."

गाडी गेली. नुन्झिया शेंग सोलत राहिली. तिच्या कानाची पाळी मात्र लाल झाली.

"गाडी गेली की गप्प होता तुम्ही," ती हळूच म्हणाली. "पुढची कधी?"

"चार मिनिटांनी. जर्मन, रुपेरी. आवाज जाडा आहे तिचा."

"म्हणजे लांबलचक वाक्य बसेल."

बसलं. त्यानंतरच्या गाड्यांतही बसत गेलं. तो दोन वर्षांचं मौन तुकड्यातुकड्यानं सांगत होता: पोलित्सीतलं त्याचं घर, हिवाळ्यात दुकानात वाटणारं एकटेपण, तिच्या खिडकीतला दिवा. ती शांततेतही उत्तरं देई. लपवायचं ते त्यालाच होतं.

सहाव्या फेऱ्याला तिनं रिकामं भांडं बाजूला ठेवलं. "संध्याकाळी मला उत्तर द्यायचंय. ठाऊक आहे ना?"

"ठाऊक आहे."

"मग?"

तो थांबला. लाल गाडी यायची होती, सगळ्यांत मोठ्या आवाजाची. वर, शेवटच्या चढावर, ती ऐकू आली, जवळ आली, भिंती थरथरू लागल्या. गान्दोल्फोनं डोळे मिटले, श्वास घेतला, आणि त्या आवाजावर मात करील अशा स्वरात बोलला—

वळणाच्या पलीकडे इंजिन दोनदा खोकलं आणि बंद पडलं.

"...त्याला हो म्हणू नका, नुन्झिया! औषध शुक्रवारीच तयार होतं. मी शिट्टीची वाट पाहत थांबलो. मला इथेच अडकायचं होतं... तुमच्याजवळ!"

रस्त्यावर चिमणी चिवचिवली तीही ऐकू आली. या काठाचे सगळे चेहरे त्याच्याकडे वळले, मग सावकाश त्या काठाकडे. गान्दोल्फोला वाटलं, आता गाडी आलीच तर आपण तिच्यासमोर जाऊन उभे राहू.

अत्तिलिओ उठला. त्यानं हॅट काढून हातात घेतली.

"नुन्झिया," तो म्हणाला. ओरडायची गरजच नव्हती. "मधे रस्ता आहे तोवर सांगून टाक. मी जवळ आलो की तुला जड जाईल. मलाही."

ती उभी राहिली. "नाही, अत्तिलिओ. तू चांगला आहेस... पण माझ्या मनात नाही."

"बरं."

त्याच्या आईनं तोंड फिरवलं. रुपेरी गाडी मधून गेली. धूळ खाली बसली तेव्हाही तो तिथेच होता. तिकडची माणसं खुर्चीला खुर्ची लावून बसलेली, जाणार कुठे?

"आई, पेटी उघड," अत्तिलिओ म्हणाला, आणि शेजाऱ्यांना कानोली वाटू लागला. स्वतःसाठी त्यानं एकही घेतली नाही. ते रस्त्याच्या अलीकडूनही दिसत होतं, आणि गान्दोल्फोला ते पाहावं लागलं. आपलं सुख असं कुणाच्या डोळ्यांसमोर बसून घ्यावं लागेल, हे त्यानं काचेआडून कधीच कल्पिलं नव्हतं.

"मी त्याला नाही म्हटलंय," नुन्झिया म्हणाली. "तुम्हांला अजून काहीच म्हटलेलं नाही."

"खरं आहे..."

"पुन्हा म्हणा. की आणखी एक गाडी हवी?"

गान्दोल्फो उभा राहिला. रस्ता रिकामा होता. "माझ्याशी लग्न कराल?"

"जरा मोठ्यानं," मास्त्रो लुका रस्त्याकडेच पाहत म्हणाले. "मुलीचा बाप इकडे बसलाय."

त्यानं मोठ्यानं म्हटलं. दोन्ही काठांना ऐकू गेलं.

"हो," नुन्झिया म्हणाली, तीही मोठ्यानंच. आणि मग समोर पाहवेना म्हणून तिनं मान खाली घातली.

वर डोंगरात पुढच्या गाडीचा आवाज सुरू झाला. चार फेरे अजून बाकी होते, आणि ते सगळ्यांनाच समोरासमोर बसून पाहायचे होते.